रोग रेड्याला, औषध पखालीला!

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयाच्या कॅन्टीनमध्ये वर्षभर दोनच विषय चघळले जातात : परीक्षेचे वेळापत्रक आणि ग्राफिक्स कार्ड. पहिल्या विषयात आपले काही चालत नाही, म्हणून त्यावरची चर्चा लवकर संपते. दुसऱ्या विषयावर मात्र प्रत्येकाचे मत ठाम असते आणि ते बहुधा एकच असते : "पाच-सहा हजार जमलेत ना? मग डोळे मिटून कार्ड घे!" कुणाचा संगणक खेळ सुरू करायलाच पाच मिनिटे घेतो, कुणाचा ऐन चकमकीत गोठतो, कुणाचा न सांगता बंद पडतो. दुखणी निरनिराळी, पण औषध एकच! जत्रेत सर्व रोगांवर एकच मुळी विकणाऱ्याची आठवण व्हावी.

माझे मत याच्या उलट आहे आणि ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच. कमी पैशांत उभ्या केलेल्या संगणकात आधी कोणता भाग बदलावा, हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा नसतो आणि मित्रालाही विचारायचा नसतो. तो त्या संगणकालाच विचारायचा असतो. संगणक त्याचे उत्तर देतो आणि फुकट देतो. आपण विचारत नाही, एवढेच.

नळ नव्हते त्या काळी पाणी चामड्याच्या पखालीत भरून रेड्याच्या पाठीवरून आणीत. रेडा आजारी पडला म्हणून कुणी पखालीला औषध चोळले तर काय होईल? रेडा बरा होणार नाही आणि औषध मात्र संपेल. आपण पैसे साठवून जी खरेदी करतो तिच्यातली बरीचशी या जातीची असते.

काही प्राध्यापक म्हणतील, "अरे, खेळच तो! त्याचा एवढा काथ्याकूट कशाला?" त्यांना दोन गोष्टी नम्रपणे सांगाव्याशा वाटतात. पहिली ही, की संगणकावरचा खेळ आता केवळ पोरखेळ राहिलेला नाही. त्यात चित्र आहे, संगीत आहे, कथानक आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेने २०२० साली आपल्याकडच्या पुराणकथांच्या आधारे 'राजी' नावाचा खेळ काढला आणि तो परदेशातही खेळला गेला. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या गोष्टीकडे पाठ फिरवावी असे तिच्यात काही नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रश्न खेळाचा नसून पैशाचा आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून येणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी. अशा घरात संगणक एकच असतो. सकाळी त्यावर धाकट्या बहिणीचा प्रकल्प होतो, दुपारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, संध्याकाळी वडिलांच्या कामाची बिले निघतात आणि सगळे निजले की मग आपला खेळ. पाच-सहा हजार रुपये ही आपल्यासाठी वर्षातून एकदा हाती येणारी रक्कम. कधी ती दिवाळीच्या बोनसातून सुटते, कधी सुटीतल्या नोकरीतून. ती चुकीच्या जागी पडली तर ती जागा भरून निघायला आणखी एक वर्ष जाते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही!

म्हणून आधी संगणकाच्या पोटात काय चालते ते पाहू. नाटकाचे उदाहरण घेतले तर ते चटकन ध्यानात येईल. प्रोसेसर हा दिग्दर्शक. कोण कुठून येणार, गोळी कुणाला लागली, कोण पडला, हे तो ठरवतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे नेपथ्य आणि रंगभूषा. दिग्दर्शकाने ठरवलेले दृश्य ते रंगवून उभे करते. रॅम म्हणजे विंग. पुढच्या प्रवेशाला लागणारे सामान तिथे हाताशी ठेवलेले असते. हार्ड डिस्क म्हणजे थिएटरबाहेरचे गोदाम. एसएमपीएस साऱ्यांना वीज पुरवतो आणि मॉनिटर हा रंगमंच. साध्या मॉनिटरवर हे दृश्य सेकंदाला ६० वेळा नव्याने उभे करावे लागते. म्हणजे एका दृश्याला जेमतेम १७ सहस्रांश सेकंद! त्या अवधीत ज्याचे काम सर्वांत उशिरा आटपते, त्याच्याच गतीने नाटक चालते. बाकीचे कितीही चपळ असोत, त्यांना विंगेत उभे राहून वाट पाहावीच लागते.

आपल्या रेल्वेने येणाऱ्या-जाणाऱ्यांना हे तत्त्व वेगळे शिकवायला नको. मुंबईकडून कल्याणपर्यंत चार मार्ग, त्यात ठाणे ते दिवा या टप्प्यात २०२२ साली पाचवा-सहावाही जोडला गेला. पण कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या बाजूला वर्षानुवर्षे लोकल, मेल आणि मालगाडी या सगळ्या दोनच मार्गांवरून धावत आल्या. म्हणून तर इकडे तिसऱ्या-चौथ्या मार्गाचे काम हाती घ्यावे लागले. ठाण्याला आणखी दोन मार्ग टाकले असते तरी बदलापूरच्या माणसाची गाडी वेळेवर आली नसती. अडत होते ते कल्याणच्या पुढे. जाणकार मंडळी संगणकातल्या अशा अडसराला 'बॉटलनेक' म्हणतात.

जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हीच गोष्ट गणिताने मांडली. एखाद्या भागाची गती कितीही वाढवा, एकूण कामात त्या भागाचा जेवढा वाटा असेल तेवढ्यापुरताच फायदा पदरात पडतो. उदाहरणार्थ, बटण दाबल्यापासून खेळ सुरू होईपर्यंत पाच मिनिटे लागतात असे धरू. त्यातली चार मिनिटे हार्ड डिस्क चाचपडण्यात जातात आणि एक मिनिट प्रोसेसरच्या कामात. आता दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणला तर वाचला अर्धा मिनिट! उलट, चौपट वेगाचे गोदाम आणले तर वाचली तीन मिनिटे. ज्यांना गणिताचे वावडे आहे त्यांनाही एवढा हिशेब पटावा.

अर्थशास्त्र घेतलेल्यांना तर हे पहिल्या वर्षापासूनच पाठ आहे. घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त आपण परीक्षेत संत्र्याच्या उदाहरणासकट लिहितो : पहिले संत्रे गोड, दुसरे बरे, पाचवे नकोसे. रॅमचेही तसेच. ४ जीबीची ८ झाली की संगणकात जीव आल्यासारखा वाटतो. ८ ची १६ झाली की आजकालचे बहुतेक खेळ सुखाने चालतात. १६ ची ३२ झाली तर बहुतेक खेळांत फरक शोधावा लागतो. पूरक वस्तूंचा धडाही इथे लागू पडतो. नुसती साखर वाढवून चहा वाढत नाही. पुस्तकात शिकलेले सिद्धान्त बाजारात उपयोगी पडत नाहीत, अशी आपली तक्रार असते. पण खिशात पैसे घेऊन निघताना आपण ते पुस्तक सोबत नेतो कुठे?

आता संगणकाला प्रश्न विचारायचा कसा ते सांगतो. नेहमीचा खेळ सुरू करावा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात कोणता भाग किती राबतो आहे याचे आकडे दिसतात. कार्ड सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडसर कार्डाचा. कार्ड निम्मेच राबते आहे आणि तरीही खेळ मंद आहे, तर ते बिचारे दिग्दर्शकाच्या हुकमाची वाट पाहत आहे असे समजावे. इथे एक खुबी लक्षात घ्यावी. प्रोसेसरचा एकूण आकडा ५० टक्के दिसला तरी त्याचा एखादा गाभा पूर्ण थकलेला असू शकतो. मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क १०० टक्क्यांवर टेकलेली असेल, तर विंगेत जागा उरलेली नाही आणि प्रत्येक सामानासाठी गोदामात धाव घ्यावी लागते आहे. ऐन चकमकीत चित्र गोठते ते बहुधा त्याच वेळी.

दुसरी परीक्षा याहून सोपी. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणावा. रंगवायचे काम निम्म्याहून कमी झाले. आता खेळ भरधाव पळू लागला तर दोष कार्डाचा. ढिम्म हलला नाही, तर जगातले सर्वांत महाग कार्ड आणले तरी तो हलणार नाही. दहा मिनिटांच्या या तपासणीने दहा हजारांची खरेदी वाचू शकते.

आणि तपासणीनंतर पुष्कळदा असे दिसते की विकत काहीच घ्यायला नको. पंख्यात आणि जाळीत धूळ साचलेली असते, प्रोसेसरवरचा थर्मल पेस्टचा लेप वाळून गेलेला असतो आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. एक ब्रश आणि पेस्टची छोटी नळी यांनी काम भागते. कुणी महागाचे कार्ड बसवून मॉनिटरची वायर मात्र मदरबोर्डच्याच खोबणीत खुपसून ठेवलेली असते. कार्ड आत बसून माशा मारते! कुणाचा मॉनिटर सेकंदाला १४४ दृश्ये दाखवू शकतो, पण विंडोजमध्ये ६० चाच आकडा निवडलेला असतो. रॅम ३२०० च्या वेगाची असते, पण बायोसमध्ये तो वेग चालू केलेला नसतो. हे सारे फुकटचे इलाज आहेत. फुकट असल्यामुळेच त्यांची जाहिरात कुणी करत नाही.

एवढे करूनही पैसे खर्च करायची वेळ आली, तर माझ्या मते आपल्यासारख्यांच्या घरी क्रम असा असावा.

संगणकात अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर सर्वप्रथम एसएसडी. हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरणारी तबकडी असते आणि माहिती शोधायला तिच्यावर एक काटा इकडून तिकडे हिंडतो. एसएसडीमध्ये हलणारे काही नसते. सरळ वाचनात हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, तर साधी साटा एसएसडी पाचशेच्या वर जाते. शोधाशोधीत तर दोघींची तुलनाच नाही. ग्रँड थेफ्ट ऑटोचा पाचवा खेळ २०१५ साली संगणकावर आला तेव्हा हार्ड डिस्कवर चालत असे. त्याच खेळाची २०२५ साली जी सुधारित आवृत्ती निघाली तिने एसएसडी ही अटच घातली. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. एसएसडीने सेकंदाला दिसणारी दृश्ये वाढत नाहीत. पण बहिणीचा प्रकल्प, वडिलांची बिले आणि आपला खेळ हे तिन्ही झटपट उघडतात. सबंध घराला फायदा देणारा हा एकमेव बदल आहे.

त्यानंतर रॅम, आणि तीही मोजून कमी पडत असेल तरच. ज्यांच्याकडे कार्ड नाही आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागते, उदाहरणार्थ २०२१ साली आलेला रायझन ५ ५६००जी, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. असे ग्राफिक्स रॅममधलीच जागा वापरते आणि रॅमच्याच वाटेने ये-जा करते. एकच पट्टी असेल तर वाट एकेरी. तशीच दुसरी पट्टी योग्य खोबणीत बसवली की वाट दुहेरी होते. डीडीआर४ च्या ३२०० वेगाच्या रॅममध्ये सेकंदाला २५.६ जीबीची वाहतूक ५१.२ वर जाते. अशा संगणकात रॅमची दुसरी पट्टी हेच सर्वांत स्वस्त ग्राफिक्स कार्ड होय!

अर्थात 'स्वस्त' हा शब्द आता जपून वापरावा लागतो. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भराभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांना मेमरी हवी असते आणि कारखान्यांना ते गिऱ्हाईक अधिक फायद्याचे. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा छाप गुंडाळण्याचे जाहीर केले. दूरदेशी कुठे तरी यंत्रे 'विचार' करू लागली आणि इथे कॅम्प नंबर चारमधल्या मुलाची रॅम महागली, असा हा जागतिक व्यापार! यावर उपाय म्हणून वापरलेली रॅम घ्यायला हरकत नाही, कारण ती सहसा झिजत नाही. पण जुन्या डीडीआर३ च्या मशीनमध्ये फार पैसे घालू नयेत. ती रॅम पुढच्या मशीनमध्ये बसणार नाही.

यानंतर ज्याच्याकडे कुणी बघतच नाही तो एसएमपीएस. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेल्या डब्यावर '४५० वॅट' असे ठळक लिहिलेले असते, पण पुष्कळदा तो तेवढी वीज देऊ शकत नाही. बडा घर, पोकळ वासा! मदरबोर्डची खोबण कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते. २०१९ चे जीटीएक्स १६५० कार्ड तेवढ्यात भागवते. २०१७ चे आरएक्स ५८० मात्र १८५ वॅटपर्यंत खाते. असे कार्ड दुबळ्या एसएमपीएसवर टाकले की खेळाच्या मध्यावर संगणक विझतो आणि दोष कार्डाला दिला जातो. त्यातून आपल्याकडे पावसाळ्यात विजेचा लपंडाव असतो. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर यांची बेरीज त्याच्यापुढे गेली तर वीज जाताच तोही हात टेकतो. चांगल्या कंपनीचा, '८० प्लस' प्रमाणपत्र असलेला एसएमपीएस पुढची दोन मशीन सोबत करतो. वापरलेला एसएमपीएस मात्र कुणी फुकट दिला तरी घेऊ नये.

मग ग्राफिक्स कार्ड. हो, कार्डाला माझा विरोध नाही. ज्याच्या संगणकात बाकी सारे ठीक आहे आणि ज्याला केवळ खेळासाठीच पैसे घालायचे आहेत, त्याला कार्डाइतका फरक दुसरे काहीच दाखवणार नाही, हे मीही मान्य करतो. कॅन्टीनमधले मित्र अगदीच चुकीचे बोलत नाहीत. ते फक्त सगळ्यांना एकाच मापाने मोजतात. मॉनिटर जर सेकंदाला ६० च दृश्ये दाखवत असेल, तर १५० दृश्यांचे कार्ड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. कचेऱ्यांतून बाद होऊन बाजारात आलेल्या बारीक कॅबिनेटमध्ये तर पूर्ण उंचीचे कार्ड मावतच नाही. आधी कॅबिनेट उघडून पट्टीने मोजावे आणि मग दुकानात पाऊल टाकावे.

प्रोसेसर शेवटी, कारण प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे त्रिकूट आहे. एक बदलू म्हटले तर पुष्कळदा तिघांनाही बदलावे लागते. ज्यांच्याकडे एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड आहे ते सुदैवी. २०१७ साली पहिले रायझन ज्या सॉकेटवर आले, तशा पुष्कळ मदरबोर्डांवर बायोस नवे करून ५००० मालिकेतला प्रोसेसरही बसतो. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या मशीनवाल्यांनी मात्र प्रोसेसरवर पैसे घालू नयेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. व्हॅलोरंटसारखा खेळ तर विंडोज ११ वर सुरक्षेच्या विशेष अटी पूर्ण झाल्याशिवाय दारातही घेत नाही. अशा मशीनसाठी नियम एकच : जो भाग उद्या नव्या मशीनमध्ये नेता येईल तोच आज घ्यावा. एसएसडी, एसएमपीएस आणि कार्ड सोबत येतात. बाकीचे मागे राहतात.

खरेदीला आपण बहुतेक जण दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतो आणि लॅमिंग्टन रोड गाठतो. त्या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे झाले त्याला किती तरी वर्षे झाली, पण संगणकवाल्यांच्या तोंडी जुनेच नाव आहे. तिथे डोळे दिपतात. रंगीत दिवे लावलेले पंखे, दिवे लावलेली रॅम, जणू दिवाळीच! दिव्यांनी खेळाचा वेग वाढत नाही, एवढे स्वतःला बजावून आत शिरावे. २०१४ सालचे जीटी ७३० हे कार्ड अजूनही कुठे कुठे 'गेमिंग कार्ड' म्हणून पुढे केले जाते. डब्यावर मोठ्या अक्षरांत '४ जीबी' असते. पण मेमरी म्हणजे वेग नव्हे. विंग कितीही ऐसपैस असली तरी रंगारी एकटाच असेल तर पडदा वेळेवर रंगत नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते 'खणण्याचा' धंदा बसला. रात्रंदिवस राबवलेली हजारो कार्डे तेव्हा जुन्या बाजारात उतरली. ती सगळीच वाईट नसतात. पण समोर अर्धा तास खेळ चालवून पाहिल्याशिवाय आणि पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. काही महाभाग तर जुन्या कार्डाच्या आतली ओळख बदलून त्याला नवे नाव देतात. जीपीयू-झेड नावाचा छोटा मोफत प्रोग्राम असे सोंग बहुधा उघडे पाडतो.

यावर कुणी हसून म्हणेल, "नावे बदलण्याचे उल्हासनगरच्या माणसाला काय सांगतोस?" इथल्या मालावरच्या 'मेड इन यूएसए' या शिक्क्याचा विनोद मुंबईभर प्रसिद्ध आहे, यूएसए म्हणजे म्हणे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! पण या विनोदाची दुसरी बाजू मला अधिक मोलाची वाटते. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे कल्याणजवळच्या लष्कराच्या रिकाम्या छावणीत उतरली. १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकीत राहणाऱ्या त्या माणसांकडे भांडवल नव्हते. जे हाताशी होते त्यात नेमके काय कमी आहे हे ओळखून त्यांनी तेवढीच भर घातली आणि धंदा उभा केला. पुढे कोकणातून, देशावरून, उत्तरेतून इथे आलेल्या आपल्या आईवडिलांनीही संसार असाच उभा केला. पत्रे गळत असताना भिंतीला रंग काढणारा माणूस आपल्या वस्तीत सापडणार नाही. मग त्याच घरातला शिकलेला मुलगा गळक्या एसएमपीएसवर चकचकीत कार्ड का चढवतो? शिक्षणाने आपल्याला मोजायला शिकवले पाहिजे. ते जर नुसते नावे पाठ करायला शिकवत असेल, तर न शिकलेल्या वडिलांचा "याने नेमके काय सुधारेल?" हा प्रश्नच अधिक शास्त्रीय म्हणायला हवा.

शेवटी एक सूचना. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात आपल्याकडे रांगोळी असते, पाककृती असते, शेलापागोटे असतात. त्यातच एक दिवस संगणक तपासणीचा ठेवावा. एक वर्ग, चार टेबले, दोन मॉनिटर आणि वीज, एवढेच लागेल. ज्यांना कळते त्यांनी इतरांची मशीन तपासून कागदावर लिहून द्यावे : अडते कुठे, फुकट काय सुधारेल आणि पैसे घालायचेच झाले तर कशात. एकाने बदलून काढलेली रॅमची पट्टी दुसऱ्याची गरज असते; अशा भागांची अदलाबदलही तिथेच व्हावी. यासाठी निधी नको, पाहुणा नको, भाषण तर मुळीच नको. प्राध्यापकांनी परवानगी द्यावी. स्क्रूड्रायव्हर आम्ही आणू.